फिल्टर लावून फिल्मवर फोटो काढताय? ट्रिपला निघण्याआधी एक्सपोजरचं एवढं बघून घ्या

फिल्म कॅमेरा नवीन घेतलेल्या बऱ्याच जणांचा एकच प्रश्न असतो, की घराजवळ काढलेला रोल छान येतो आणि ट्रिपवरचा रोल मात्र अर्धा मळकट, दाणेदार, काळपट येतो, असं का होतं. बहुतेक वेळा ट्रिपवर दोन गोष्टी नव्या असतात, एक फिल्टर आणि दुसरी घाई. फिल्टर प्रकाश खातो, तो किती खातो ते कॅमेऱ्याला कधी कळतं आणि कधी कळत नाही, आणि फिल्मवर मागे स्क्रीन नसल्यामुळे चूक झाली की ती लॅबमधून स्कॅन आल्यावरच दिसते, तोवर तुम्ही हरिश्चंद्रगडावरून घरी येऊन पण आठवडे झालेले असतात. त्यामुळे हे सगळं निघायच्या आधी पक्कं करायला हवं. अवघड काही नाही, फक्त क्रम पाळायचा.

आधी हे शोधा: तुमचा मीटर फिल्टरच्या आतून बघतो की बाहेरून

मीटर म्हणजे किती प्रकाश आहे ते मोजून एक्सपोजर, म्हणजे फिल्मवर किती प्रकाश पडू द्यायचा ते, सांगणारा भाग. माझ्या मते अर्ध्याहून जास्त चुका इथेच होतात, म्हणून यावर जरा थांबतो.

एसएलआर (लेन्समधून येणारं दृश्यच आरशातून दाखवणारा कॅमेरा) असेल, म्हणजे पेंटॅक्स के १०००, निकॉन एफएम२, कॅनन एई-१ वगैरे, तर मीटर लेन्समधूनच बघतो. फिल्टर लावला की मीटरला पण कमी प्रकाश दिसतो आणि तो आपोआप तेवढं एक्सपोजर वाढवून मागतो. इथे तुम्ही फिल्टरचा हिशोब वेगळा करून परत वाढवलंत की दोनदा भरपाई होते. ब्लॅक अँड व्हाइट निगेटिव्हवर एखादा स्टॉप (एक स्टॉप म्हणजे प्रकाश दुप्पट किंवा निम्मा) जास्त पडला तर फार बिघडत नाही, पण लाल फिल्टरचे तीन स्टॉप दोनदा टाकले तर ढगांमधलं सगळं डिटेल जातं, आणि ढगांसाठीच तर लाल लावला होता!

रेंजफाइंडर (लेन्समधून नाही, वेगळ्या खिडकीतून बघायचे कॅमेरे) आणि जुने कॉम्पॅक्ट यांचं प्रत्येकाचं वेगळं. कॅननेट क्यूएल१७ जी-३ किंवा ऑलिंपस ट्रिप ३५ मध्ये मीटरचा सेल, म्हणजे प्रकाश ओळखणारा डोळा, लेन्सच्या रिंगमध्येच आहे, फिल्टर लावला की तो सेललाही झाकतो, म्हणजे भरपाई आपोआप. पण याशिका इलेक्ट्रो ३५ मध्ये सेल वर बॉडीच्या पुढच्या बाजूला आहे, त्याला फिल्टर लावल्याचं कळतच नाही. याशिका मॅट १२४ जी सारखा टीएलआर (वर-खाली दोन लेन्सचा कॅमेरा) असेल तरी तेच, मीटर वेगळ्या खिडकीतून बघतो. हातातला मीटर किंवा मोबाइलवरचं लाइट मीटर अॅप वापरत असाल तरीही तेच, त्यांना तुमच्या लेन्सवर काय लावलंय ते माहीत नसतं. काही जण मोबाइलच्या कॅमेऱ्यासमोर फिल्टर धरून रीडिंग घेतात, पिवळ्याला जवळपास जमतं, पण लाल-नारिंगीला मोबाइलचा सेन्सर रंग आपल्या हिशोबाने बघतो आणि आकडा भलताच येतो, तेव्हा ते नकोच.

तर कॅमेरा हातात घ्या, सेल कुठे आहे ते डोळ्यांनी बघा, आणि "आतून" की "बाहेरून" ते लक्षात ठेवा. पुढचं सगळं यावर आहे.

फॅक्टर आणि स्टॉप एक नाहीत

फिल्टरच्या कडेवर किंवा डबीवर जो आकडा असतो तो बहुतेक वेळा फॅक्टर, म्हणजे प्रकाश किती पट द्यायचा तो आकडा असतो, स्टॉप नाही. फॅक्टर २ म्हणजे १ स्टॉप, ४ म्हणजे २ स्टॉप, ८ म्हणजे ३ स्टॉप. "८ लिहिलंय म्हणजे ८ स्टॉप" असं धरून कोणी मोजलं तर फ्रेम पांढरीफटक पडेल.

उन्हात साधारण असं धरा. मध्यम पिवळा (के२ किंवा ८ नंबर, हे फिल्टरचं नाव, फॅक्टर नाही) १ स्टॉप. नारिंगी २ स्टॉप. लाल २५ए ३ स्टॉप, पण लालमध्ये फॅक्टर ५ चाही फिल्टर मिळतो, तो साधारण सव्वादोन-अडीच स्टॉप घेतो, म्हणून रंगावरून अंदाज न लावता तुमच्या फिल्टरवरचा आकडा वाचा. हिरवा एक्स१ २ स्टॉप, पिवळट-हिरवा १. पोलरायझर (फिरवून चकाकी कमी आणि आकाश गडद करणारा फिल्टर) दीड ते दोन. यूव्ही आणि स्कायलाइट शून्य.

एनडी, म्हणजे रंग न बदलता फक्त प्रकाश कमी करणाऱ्या फिल्टरचा गोंधळ सगळ्यात मोठा कारण त्यावर तीन पद्धतीने लिहितात. एनडी८, एनडी ०.९ आणि ३ स्टॉप हे तिन्ही एकच आहेत. ०.३ म्हणजे १ स्टॉप, ०.६ म्हणजे २, आणि ३.० म्हणजे १० स्टॉप, त्यालाच एनडी१००० म्हणतात. आता ०.३ ला तिसरा हिस्सा समजणं किंवा ३.० ला तीन स्टॉप समजणं किती सोपं आहे बघा, आणि त्या दुसऱ्या चुकीत सात स्टॉपचा फरक पडतो, फिल्मवर काहीच येणार नाही. दोन फिल्टर एकावर एक लावले तर फॅक्टर गुणायचे आणि स्टॉप मिळवायचे: पिवळा १ आणि पोलरायझर २, झाले ३.

यावर सगळ्यात स्वस्त उपाय म्हणजे प्रत्येक फिल्टरच्या डबीवर कागदी टेप लावून मोठ्या अक्षरात फक्त स्टॉप लिहायचे. "+१", "+२", "+३". फॅक्टर लिहूच नका. गडावर वाऱ्यात उभं राहून कोणाला भागाकार करायचाय.

निघायच्या आधी भिंतीवर तपासा

ही पायरी लोक सोडतात आणि खरं तर हीच सगळ्यात कामाची आहे, विशेषतः एसएलआरवाल्यांना.

सकाळी दहानंतर, चांगलं ऊन पडलेली पांढरी किंवा राखाडी भिंत शोधा. रंगीत भिंत नको, नाहीतर तिचा रंग फिल्टरमध्ये मिसळतो. कॅमेरा भिंतीकडे धरा, व्ह्यूफाइंडरभर फक्त भिंत, फिल्टर न लावता रीडिंग घ्या. समजा एफ ११ ला १/५०० आलं, म्हणजे अॅपर्चर (लेन्सचं भोक) एफ ११ आणि शटर १/५०० सेकंद. आता नारिंगी लावा, २ स्टॉप कमी म्हणजे १/१२५ यायला हवं. आलं तर उत्तम. मग लाल लावा, १/६० यायला हवं. इथे पुष्कळ जुन्या कॅमेऱ्यात १/१२५ च येतं. कारण मीटरचा सेल आणि तुमची फिल्म दोघं लाल प्रकाशाला सारखा प्रतिसाद देत नाहीत, सेलला लाल भरपूर दिसतो, फिल्मला तेवढा दिसत नाही, त्यामुळे मीटर म्हणतो पुरे झालं आणि निगेटिव्ह पातळ, म्हणजे फिकी येते. "लाल फिल्टर लावला की माझे फोटो नेहमी अंडर येतात" (अंडर म्हणजे प्रकाश कमी पडलेले) यामागे बऱ्याचदा हेच कारण असतं.

जो फरक आला तो त्या डबीच्या टेपवर लिहा, उदाहरणार्थ "+३, कॅमेरा २ च देतो, १ हाताने".

जागेवर पोचल्यावरचा क्रम

इतकं करायला नको वाटत असेल तर सरळ एक पद्धत ठेवा जी सगळ्या मॅन्युअल कॅमेऱ्यांना चालते: मीटरिंग नेहमी फिल्टर न लावता करायचं. फिल्टर काढा, कशावर मीटर करायचं ते ठरवा, रीडिंग घ्या, टेपवरचे स्टॉप वाढवा, शटर आणि अॅपर्चर सेट करा, मग फिल्टर लावा, आणि त्यानंतर मीटरची सुई किंवा लाइट काहीही सांगू दे, तिच्याकडे बघायचं नाही. मी हीच पद्धत सुचवेन, नवीन माणसाला यात गोंधळ कमी होतो.

आकड्यात सांगायचं तर ४०० आयएसओची (आयएसओ म्हणजे फिल्म प्रकाशाला किती संवेदनशील तो आकडा) फिल्म, एचपी५ समजा, स्वच्छ ऊन. मीटर बंद पडला तरी एफ १६ ला १/५०० हे धरून चालायचं. नारिंगी लावला तर एफ ८ ला १/५००, किंवा एफ १६ ला १/१२५. लाल लावला तर एफ ५.६ ला १/५००. अॅपर्चर वाढवायचं की शटर कमी करायचं हे तुमच्यावर, पण हातात धरून काढताना शटर १/६० च्या खाली जाऊ देऊ नका. १०० ची फिल्म आणि लाल फिल्टर घेऊन सावलीत गेलात तर एफ ५.६ ला १/१५ वगैरेवर येता, फोटो हलतो आणि मग लोक लेन्सला दोष देतात.

आता इलेक्ट्रो ३५ सारखा ऑटो कॅमेरा ज्याचा सेल बाहेर आहे, त्याला मॅन्युअल शटर नाही. तिथे आयएसओची डायल वापरायची. फॅक्टरने भागायचं: ४०० ची फिल्म, पिवळा लावला तर २००, नारिंगीला १००, लालला ५०. टीएलआर आणि हातातल्या मीटरलाही हीच युक्ती चालते. एसएलआरमध्ये फिल्टर लावूनच मीटर करत असाल तर ही युक्ती अजिबात करायची नाही, तिथे परत दोनदा भरपाई होईल. आणि फिल्टर काढला की डायल परत ४०० वर, त्याच क्षणी, दुसरं काही करायच्या आधी. फिल्टर डबीत ठेवणं आणि डायल मागे फिरवणं हे एकच काम आहे असं हाताला शिकवा, कारण डायल ५० वर विसरली की पुढचा सगळा रोल तीन स्टॉप ओव्हर जातो.

मीटर कशावर करायचा हेही फिल्टरइतकंच महत्त्वाचं. मीटरला सगळं जग मधल्या राखाडी रंगाचं वाटतं. पणजीच्या पांढऱ्या चर्चवर सरळ मीटर केलात तर चर्च राखाडी येतं, तिथे दीड स्टॉप वाढवा. वेरूळच्या काळ्या बेसॉल्टवर फ्रेमभर मीटर केलात तर खडक धुरकट राखाडी येतो, तिथे एक स्टॉप कमी करा. काहीच सुचलं नाही तर स्वतःचा तळहात उन्हात धरा, त्यावर मीटर करा आणि एक स्टॉप वाढवा, तळहात मधल्या राखाडीपेक्षा साधारण तेवढा उजळ असतो. हिरवं गवतसुद्धा जवळपास मधल्या टोनचं, त्यावर तसंच मीटर केलं तरी चालतं. या सगळ्यानंतर फिल्टरचे स्टॉप.

कुठे कुठला, आणि कुठे लावूच नये

ब्लॅक अँड व्हाइटमध्ये फिल्टर स्वतःच्या रंगाच्या वस्तू उजळ करतो आणि विरुद्ध रंगाच्या गडद करतो. ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये सह्याद्रीत पाऊस गेलेला, निळं आकाश, पांढरे ढग, तेव्हा नारिंगी अप्रतिम काम करतो. लांबच्या डोंगरांवरचा निळसर धूसरपणाही कमी होतो. एकच फिल्टर न्यायचा असेल तर माझं मत पिवळा, तो कुठेच फार बिघडवत नाही आणि एकच स्टॉप खातो.

जुलै-ऑगस्टमध्ये मात्र रंगीत फिल्टर बॅगेतच राहू द्या. आकाश पांढरट-राखाडी असतं, त्यात निळा नसतोच, मग लाल लावून गडद काय होणार? धुक्याचंही तसंच, धुक्याचे थेंब सगळे रंग सारखेच पसरवतात, लाल फिल्टर त्याला कापत नाही. तीन स्टॉप जातात, बदल्यात काही मिळत नाही. पावसाळ्यात हिरवळ उजळ हवी असेल तर पिवळट-हिरवा लावा, नाहीतर पोलरायझर, ओल्या पानांवरची आणि खडकांवरची चकाकी त्याने जाते.

कोकणात जांभ्याची घरं, गडगे, लाल मातीचे रस्ते यांवर लाल फिल्टर जपून. जांभा एकदम फिका पडतो, तुम्हाला आवडलेला तो गडद खरबरीत दगड फोटोत सिमेंटसारखा दिसतो. माणसांच्या चेहऱ्यावरही लाल नको, ओठ त्वचेच्या रंगात मिसळून जातात.

आणि फॅक्टर नेहमी तोच राहत नाही, हे फार कमी जण सांगतात. डबीवरचा आकडा दिवसाच्या साध्या उन्हासाठी असतो. सावलीत, जिथे फक्त निळ्या आकाशाचा प्रकाश पोचतो, तिथे लाल-नारिंगी फिल्टर त्यापेक्षा जास्त खातो. कोकणकडा पश्चिमेला तोंड करून आहे, सकाळी कड्याची भिंत सावलीत असते, त्या वेळी लाल लावून तीनच स्टॉप दिलेत तर भिंतीत नुसता काळोख येईल, आणखी एक द्यायला हवा. उलट संध्याकाळी सूर्य मावळताना प्रकाश आधीच तांबूस असतो, तेव्हा तोच लाल कमी खातो. बल्बच्या पिवळ्या प्रकाशातही तसंच, पिवळ्याला एकऐवजी अर्ध्या-पाऊण स्टॉपवर भागतं.

इल्फर्ड ऑर्थो प्लससारखी ऑर्थो फिल्म घातली असेल तर लाल फिल्टर लावूच नका, तिला लाल रंग दिसतच नाही, फ्रेम कोरी येईल.

पोलरायझर

मॅन्युअल फोकसच्या बहुतेक कॅमेऱ्यांना लिनियर पोलरायझर चालतो. ऑटोफोकसवाल्यांना आणि निकॉन एफ३ सारख्या, आरशातून थोडा प्रकाश मागे मीटरला देणाऱ्या कॅमेऱ्यांना सर्क्युलर हवा, नाहीतर मीटर चुकीचं वाचतो. घेतानाच सर्क्युलर घ्या, म्हणजे प्रश्न नाही.

एक्सपोजर असं: आधी पोलरायझर न लावता मीटर करा, दीड ते दोन स्टॉप वाढवा, आणि मग हवा तेवढा फिरवा. फिरवल्यावर आकाश काळवंडलं म्हणून अजून वाढवायचं नाही, तो काळवंडलेपणा हवा म्हणूनच तर लावला. लावून मीटर केलं आणि फ्रेममध्ये आकाश जास्त असलं तर मीटर त्या गडद आकाशाला परत राखाडी करू बघतो, सगळी मेहनत वाया. टीएलआरमध्ये तो वरच्या लेन्ससमोर धरून फिरवायचा, कडेवरची खूण कुठे आली ते बघायचं आणि त्याच स्थितीत खालच्या लेन्सवर लावायचा.

लेहला, ३५०० मीटरवर, आकाश मुळातच गडद निळं असतं. तिथे स्लाइड फिल्मवर (निगेटिव्हऐवजी थेट खऱ्या रंगांचं चित्र देणारी फिल्म) पोलरायझर पूर्ण फिरवला की आकाश जवळजवळ काळं येतं. अर्धाच फिरवा. बर्फ फ्रेमभर असेल तर दीड-दोन स्टॉप वेगळे वाढवायचे ते विसरू नका.

एनडी आणि लांब एक्सपोजर

धबधबा किंवा समुद्राचं पाणी दुधासारखं हवंय, ट्रायपॉड आहे, एनडी१००० आहे. फोकस आणि मीटरिंग फिल्टरआधी, लावल्यावर व्ह्यूफाइंडरमध्ये काही दिसणार नाही. लावून मीटर करायला गेलात तर मागच्या आयपीसमधून शिरणारा प्रकाशच मीटरला फसवतो.

समजा एफपी४ फिल्म, ढगाळ हवा, एफ १६ ला १/३० आलं. बोटांवर दहा वेळा दुप्पट करत जा: १/१५, १/८, १/४, १/२, १, २, ४, ८, १५, ३०. म्हणजे ३० सेकंद. पण इथे थांबायचं नाही. फिल्म लांब एक्सपोजरमध्ये मंदावते, प्रत्येक फिल्म वेगळी. इल्फर्डच्या तक्त्यांप्रमाणे एफपी४ ला या ३० सेकंदांचे साधारण ७३ सेकंद द्यावे लागतात. एचपी५ ला मोजलेल्या १० सेकंदांचे २० होतात. फोमापॅन १०० तर फारच मंदावते, १० सेकंदांचे ८०. उलट फुजीची अॅक्रॉस दोन मिनिटांपर्यंत जशीच्या तशी चालते. क्रम महत्त्वाचा, आधी फिल्टरचा हिशोब आणि आलेल्या वेळेवर फिल्मचा. उलटं केलंत तर १/३० ला भरपाई लागतच नाही असं उत्तर येतं आणि फ्रेम एक स्टॉपहून जास्त अंडर जाते.

अर्धा गडद अर्धा साफ असा ग्रॅज्युएटेड एनडी असेल तर जमिनीवर मीटर करा, फिल्टर लावा, सेटिंगला हात लावू नका. त्याचे स्टॉप वाढवायचे नसतात.

रंगीत रोल असेल तर

ब्लॅक अँड व्हाइटचा पिवळा-नारिंगी फिल्टर रोल बदलताना लेन्सवरून काढला का ते बघा, नाहीतर सगळी ट्रिप पिवळी. कलर निगेटिव्ह, गोल्ड २०० किंवा पोर्ट्रा, दोन स्टॉप ओव्हर सहज सहन करते पण अंडर अजिबात नाही, म्हणून शंका आली की जास्त द्या. स्लाइडला, एक्टाक्रोम किंवा वेल्व्हिया, अर्ध्या स्टॉपपलीकडे सवलत नाही, तिथे पोलरायझर लावलात तर दीड आणि दोन असे दोन्ही फ्रेम काढा. बल्बच्या प्रकाशासाठीचा निळा ८०ए फिल्टर निगेटिव्हसाठी नेऊच नका, आधीच अंधार असतो त्यात तो दोन स्टॉप खातो, आणि रंग स्कॅननंतर बऱ्यापैकी सुधारता येतो.

विमानाने जात असाल तर रोल कधीच चेक-इन बॅगेत नको, आणि नवीन सीटी स्कॅनर असेल तर सिक्युरिटीला पारदर्शक पिशवीतले रोल हाताने तपासायची नम्र विनंती करा. स्कॅनरने धुरकटलेला रोल बघून लोक फिल्टरचा हिशोब तपासत बसतात.

वहीत लिहा, मग निगेटिव्ह वाचा

प्रत्येक फ्रेमला नाही जमलं तरी फिल्टर लावलेल्या फ्रेमला लिहा: फ्रेम नंबर, फिल्टर, मीटर कशावर केला, सेटिंग. मोबाइलवर व्हॉइस नोट केली तरी चालेल. शंका वाटणाऱ्या जागी एक फ्रेम हिशोबाप्रमाणे आणि एक एक स्टॉप जास्त देऊन काढा.

लॅबकडून नुसते स्कॅन घेऊ नका, निगेटिव्ह परत मागा. स्कॅनर उजेड आपोआप बरोबर करतो, त्यामुळे स्कॅनवरून खरी चूक कळत नाही. ब्लॅक अँड व्हाइटची पट्टी खिडकीसमोर धरा. कडेचे नंबर आणि फिल्मचं नाव ठळक काळं आहे पण चित्र पातळ आहे, म्हणजे डेव्हलपिंग बरोबर, एक्सपोजर कमी पडलं. कडेची अक्षरंही फिकी असतील तर डेव्हलपिंगमध्येच गडबड, तुमचा हिशोब कदाचित बरोबर होता. मग वही काढून बघा पातळ फ्रेम कुठल्या फिल्टरच्या आहेत. फक्त लालच्या असतील तर त्या डबीवरची टेप काढून "+३" चं "+४" करा. सगळ्याच पातळ असतील, फिल्टर नसलेल्याही, तर पुढचा ४०० चा रोल मीटरवर २५० धरून काढा आणि फिल्टरच्या टेपला हात लावू नका.